वादीचे दुसरे टोक

मी एक जुनी वादी आहे. याकच्या कातड्याची, बोटभर रुंद आणि स्वभावाने जरा चोंबडी. मित्रांनो, चोंबडेपणा हा माझा दोष नाही, तो माझ्या कामाचा भाग आहे. कुत्र्याच्या पट्ट्याच्या कडीतून आरपार जायचे आणि दोन्ही टोके शिकाऱ्याच्या मुठीत द्यायची. कोल्हा दिसला की शिकारी एक टोक सोडतो, मी कडीतून सर्रकन निसटते आणि कुत्रे सुटते. तोवर मी दोघांच्या मधे असते. हाताला काय हवे आहे आणि गळ्याला कशाची भीती वाटते, दोन्ही मला कळते. त्या दोघांना एकमेकांचे कळतेच असे नाही.

मला कापले आणि मळून मऊ केले ते बुरुलचाने. तिचा नवरा कालमुर्झा किर्गिझस्तानात, नारीन नदीच्या वरच्या डोंगरांत तायगन जातीची कुत्री घेऊन कोल्ह्यांमागे हिंडायचा. माझ्या वाट्याला आली शामाल, वर्षाचीही नसलेली कुत्री. बुरुलचाने तिला उशाशी घेऊन वाढवली होती. पळण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, पण मन असे हळवे की झाकण पडल्याच्या आवाजानेही थरथरत तंबूच्या कोपऱ्यात जाऊन बसायची.

तिला खोड एकच होती. रानबकरीचा वास आला की तिला दुसरे काही सुचत नसे. आमच्याकडे रानबकऱ्यांच्या कळपाच्या पुढे चालणारी करडी बकरी कायबेरेनची असते. कायबेरेन म्हणजे रानातल्या खुरांच्या जनावरांची राखणदार. तिच्या बकरीवर कुत्रे घातले तर घरातले मूल जाते, असे सगळे मानतात. डोंगरावर तर बकरीचे नावही घेत नाहीत, नुसते 'ती' म्हणतात. आदल्या वर्षी कालमुर्झाच्या थोरल्या कुत्र्याने अशीच एक करडी बकरी कड्यावर गाठली होती. त्याच थंडीत बुरुलचाचे तान्हे बाळ तापाने गेले. कुत्र्याला गोळी घालण्यात आली. आता बुरुलचाला पुन्हा दिवस गेले होते.

"बर्फ पडायच्या आत शिकली तर ठीक," कालमुर्झा म्हणाला. "नाहीतर हिचीही तीच गत करावी लागेल."

"आधी माझ्या मांडीवरून उचलून ने, मग बघू," बुरुलचा म्हणाली, आणि तिने शामालचे डोके शालीखाली घेतले.

कालमुर्झाने घाईची रीत धरली. रानबकरीचे वाळके कातडे कुत्र्याच्या नाकापुढे धरायचे आणि हुंगले की फटका द्यायचा. फटक्याला मीच होते. दणकट कुत्री या रीतीने सुधारतात म्हणे. शामालला मात्र भीती कातड्याची बसली नाही, हाताची बसली. ती खाईना. कोल्हा समोरून गेला तरी जागची हलेना. कालमुर्झाने हाक मारली की जमिनीला पोट टेकून मुतायची. आणि एवढे होऊनही वास आला की तिच्या गळ्याची शीर उडायची. माराने ओढ गेली नव्हती, फक्त आत जाऊन लपली होती. मला फार वाईट वाटे.

शेवटी बुरुलचाने आपल्या बापाला, म्हाताऱ्या एसेनकुलला बोलावून घेतले. घोड्यावरून उतरण्याआधीच म्हाताऱ्याने तोंडाचा पट्टा सोडला.

"काय जावईबापू, कुत्री शिकवताय की लोकर झोडताय?"

"मग काय करू, बाबा? बर्फ दाराशी आलंय."

"बर्फाला काय, ते दरवर्षी येतं. हे बघ, ओढ मारून मरत नाही. दिसली 'ती', की मागं वळून तुझ्याकडं बघायचं, एवढंच शिकव. वादी सैल ठेव. वळली की मेंढीच्या काळजाचा तुकडा दे."

"आणि नाही वळली तर?"

"तर उभा राहा. तुला कुठं लग्नाला जायचंय?"

मग कालमुर्झा उभा राहायला शिकला. आधी त्याचा हात निवला, मग तिचा गळा. समोरच्या उतारावरून कळप जायचा, शामाल थरथरत बघत राहायची, आणि कालमुर्झा हूं की चूं करायचा नाही. एके सकाळी तिने कळपावरून नजर काढली आणि मान वळवून थेट त्याच्या तोंडाकडे पाहिले. कालमुर्झा तिच्यापाशी खाली बसला. काळजाचा तुकडा त्याने तळहातावर धरून दिला. त्यानंतर ती दर वेळी वळू लागली.

बर्फ पडले. एका दुपारी आम्ही कोल्ह्याच्या मागावर उंच चढलो आणि धुके उतरले. बोटे गारठली म्हणून कालमुर्झाने माझे एक टोक मनगटाला गुंडाळले. कोणताही शिकारी असे करत नाही. दुसरे टोक त्याच्या हातून कधी गळाले, त्याला कळलेच नाही.

पुढे 'ती' उभी होती. करडी, एकटी, अगदी कड्याजवळ.

शामालने पाहिले आणि शिकवल्याप्रमाणे मागे वळून बसली. कालमुर्झाचे मात्र तिच्याकडे लक्षच नव्हते. तो बकरीच्या मागे, धुक्यात पाहत होता. त्याने काय पाहिले, काय ऐकले ते मला ठाऊक नाही. मला हात तेवढा कळतो. त्याची बोटे वाकली आणि तळवा वर झाला, तान्ह्याचे डोके झेलताना होतो तसा.

आणि मी ताणली गेले. मित्रांनो, शामाल बसलेली होती. कालमुर्झाने मला ओढले नव्हते. बर्फात पडलेले माझे मोकळे टोक सरपटत धुक्यात गेले आणि तिकडून कोणीतरी मला ओढू लागले. मी कडीतून सरकत होते आणि माझ्यामागे त्याचे मनगट ओढले जात होते. एक पाऊल कड्याकडे, मग आणखी एक. तो अडखळला नाही, थांबला नाही. हसत होता.

मनगट कडीपाशी येऊन अडले. शामालने पाय रोवले होते. पट्टा गळ्यात रुतत होता, तरी तिने 'ती'कडे मान वळवली नाही. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती, तुकड्याची वाट बघत. तिचा ऊन श्वास हाताला लागला तेव्हा त्याने खाली पाहिले. सवयीने दुसरा हात खिशात गेला.

ओढ थांबली. धुक्यात कोणी नव्हते. कालमुर्झाने मला गुंडाळून घेतले तेव्हा माझे मोकळे टोक कोमट होते. त्यावर दाबल्याच्या खुणा होत्या, अगदी बारक्या बोटांच्या.

तो गुडघ्यांवर बसून हमसून हमसून रडला. घरी त्याने यातले अवाक्षर काढले नाही.

वसंतात मुलगी झाली आणि जगली. शामाल तिच्या पाळण्याखाली झोपायची. पुढे शामाल म्हातारी झाली आणि गेली. नवी कुत्री नायलॉनच्या दोरीवर हिंडतात. मला खुंटीला अडकवून सगळे विसरले आहेत.

मित्रांनो, हळव्या जिवाला शिकवताना हात सैल ठेवा, एवढे तुम्ही माझ्याशिवायही समजाल. माझे मागणे वेगळे आहे. अधूनमधून मला थोडी चरबी चोळा. धुके उतरले की माझे दुसरे टोक अजून कोणीतरी धरते. जोर फारसा नसतो. लहान आहे ते. मी वाळून तुटले तर त्याच्या मुठीत काय राहील?