अवांतर

“मुद्दा पहिला,” वकिलानं घसा खाकरून वाचायला सुरुवात केली. “आत्याबाई यांच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला आहे. जबाबदारी: आत्याबाई. मुदत: शुक्रवार.”

“शुक्रवारपर्यंत थांबायला तो तयार आहे का, तेही विचार म्हणावं,” आत्याबाई म्हणाल्या.

“मुद्दा दुसरा. वकील नोकरी सोडून शेळ्या पाळणार आहेत. अंमलबजावणी: पुढची तिमाही. मुद्दा तिसरा. दाढी काही बोलले नाहीत. पाठपुरावा आवश्यक.”

टेबलाभोवती उभी असलेली सगळी मंडळी हसली. दाढीही हसला, म्हणजे त्याची दाढी जरा रुंद झाली. त्याचं हसणं एवढंच दिसायचं.

औषधांच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी ही टोळी रोज सकाळी अशी उभी राहायची. कोणी काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, हे सांगायचं आणि पांगायचं. पाय दुखायला लागले की माणूस थोडक्यात आटपतो म्हणून उभ्यानं बोलायचं, असं कुठल्याशा शहाण्यानं ठरवून ठेवलं होतं. त्या शहाण्याची आणि आत्याबाईंची गाठ पडली नव्हती, त्याला कोण काय करणार! टेबलाच्या मधोमध बशीएवढी एक काळी डबी असायची. जे कानावर पडेल त्याचा अहवाल करून ती सगळ्यांना पाठवून द्यायची. तिला काम कळायचं, थट्टा कळायची नाही. म्हणून उंदरालाही मुदत मिळाली होती. टोळीनं तिचं नाव ठेवलं होतं कारकून, आणि रोज कारकुनाचा अहवाल वकिलानं मोठ्यांदा वाचायचा, असा तिथला रिवाजच पडला होता.

आत्याबाई तशा त्यांच्यातल्या कोणाच्याच आत्या नव्हत्या. पन्नाशी ओलांडलेली ही बाई प्रोग्रामर होती आणि गोदामातला माल मोजणारा सगळा जुना भाग त्यांच्या हातचा होता. बढत्या त्यांच्या डोक्यावरून निघून गेल्या, त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. मात्र कोणाचं पोर तापानं फणफणलंय, कोणाचा घरमालक छळतोय, कोण सकाळी उपाशी आलंय, हे त्यांना माहीत नाही असं व्हायचं नाही. विचारायच्या आणि वर चार शब्द सुनवायच्या, म्हणून आत्याबाई. वकिलाचं नाव वाद घालण्यावरून पडलं होतं. एकदा जुना कोड वाचताना “हे ज्यानं लिहिलंय त्याचे हात कलम करा” म्हणून तो अर्धी सकाळ तणतणला. मग कळलं की तो त्यानंच लिहिला होता. त्यावर त्यानं आरोपीचं वकीलपत्र घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्वतःला निर्दोष सोडवलंसुद्धा. दाढीबद्दल सांगण्यासारखं फार नव्हतं. छातीपर्यंत दाढी, काम चोख, बोलणं बेताचं. पण थट्टा चालू असली की तो कधी जागेवर जायचा नाही, शेवटपर्यंत उभा असायचा.

त्याच दुपारी नव्या साहेबांनी आत्याबाईंना आत बोलावलं. साहेब त्यांच्या भाच्याच्या वयाचे होते आणि वाईट मुळीच नव्हते.

“बसा, मॅडम. हे जरा बघा.”

पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढं एक वर्तुळ होतं. निळं म्हणजे काम, नारिंगी म्हणजे अवांतर. वकिलाचं अर्धं अर्धं होतं. आत्याबाईंचं वर्तुळ थेट संत्रं झालं होतं.

“हे कारकुनानं काढलं?”

“सिस्टीमनं. तुम्ही सकाळी जे बोलता त्याचा हिशेब आहे. तुमच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वरच्या लोकांना तुमचं काम कुठं दिसतं? त्यांना हे दिसतं. पुढच्या महिन्यात टीममधलं एक माणूस कमी करायला सांगितलंय. मी तुमच्या भल्यासाठी बोलतोय, मॅडम.”

“म्हणजे उंदीर भोवला.”

साहेब हसले नाहीत. “या गप्पांचा कामाला काय उपयोग होतो तेवढं सांगा. मी तसं वर कळवतो. सांभाळून घेतील.”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गप्पा मारता मारता किती चुका सापडल्या होत्या, कितीदा अडलेली गाडी पुढं सरकली होती. शब्द अगदी ओठांवर आले. पण आत्याबाईंना एकदम संताप आला. आता हसण्यानंही आधी आपला उपयोग सिद्ध करायचा आणि मगच ऑफिसात यायचं?

“उपयोग काही नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरी जेवताना बोलता ना एकमेकांशी? त्याचा अहवाल कोणाला देता?”

“नारिंगी कमी करा, मॅडम,” साहेब हळूच म्हणाले. “एवढंच.”

बोलायला बोलल्या, पण जागेवर येईपर्यंत त्यांचं अवसान गळालं. नवरा निवृत्त होऊन घरी बसलेला, मुलीचं शिक्षण अजून चाललेलं, घर त्यांच्या एकटीच्या जिवावर. या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार? मुलाखत घेणारी पोरं आधी पाणी विचारतील, बाई दमल्या असतील म्हणून, आणि मग आदरानं घरी पाठवतील. आत्याबाईंनी झक मारत तोंडाला कुलूप घातलं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही घातलं, कारण वर्तुळ प्रत्येकाला होतं आणि घरही प्रत्येकाला होतं.

मग सकाळी टेबलाभोवती भलतीच शिस्त आली. काल हे केलं, आज हे करणार, अडलेलं नाही. पुढचा. काल हे, आज ते, अडलेलं नाही. कोणाचे पाय दुखायची वेळच येईना. कारकुनाचे अहवाल स्वच्छ निघू लागले आणि ते वाचायचं सगळ्यांनीच सोडून दिलं. हल्ली साहेबही लॅपटॉप हातावर धरून कोपऱ्यात उभे राहायचे आणि समाधानानं मान डोलवायचे. मधेच एका सकाळी आत्याबाईंच्या घरचा उंदीर पिंजऱ्यात सापडला. एवढी मोठी बातमी, पण ती त्या कोणालाही सांगू शकल्या नाहीत. याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटेल इतकं वाईट वाटलं.

दिवसभर साठलेलं सगळं जेवताना नवऱ्यावर कोसळायचं. तो मुळात कमी बोलणारा. एकदा घास हातात धरून म्हणाला, “अगं, जरा श्वास घे. आज ऑफिसात कोणी भेटलं नाही का?”

“सगळे भेटले,” आत्याबाई म्हणाल्या. “पण बोललं कोणीच नाही हो.”

आणि एका सोमवारी दाढी आला, तो दाढीशिवाय.

वर्षानुवर्षं लावलेलं कॅलेंडर काढल्यावर भिंत दिसावी, तशी त्याची हनुवटी फिकी दिसत होती. हनुवटीवर खळी होती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चेहरा पोरसवदा, डोळे मात्र जागरणानं लाल झालेले. तो येऊन टेबलाशी उभा राहिला. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी नजर टेबलावर वळवली. एरवी वकिलानं दाढी हरवल्याची तक्रार नोंदवली असती, साक्षीदार उभे केले असते, तपास दुपारपर्यंत चालला असता. आता त्यानं तोंड उघडलं, डबीकडं पाहिलं आणि मिटलं.

“काल साठ्याचा रिपोर्ट दुरुस्त केला,” दाढी म्हणाला. “आज तो तपासणार. अडलेलं नाही.”

“काल बिलांचं काम,” वकील म्हणाला. “आजही तेच. अडलेलं नाही.”

आत्याबाईंची पाळी आली. “काल जुन्या नोंदी साफ केल्या. आज…” त्या थांबल्या. एक माणूस चेहरा बदलून आपल्यासमोर उभा आहे आणि आपण त्याच्याकडून साठ्याचा रिपोर्ट ऐकून घेतला, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. घर, मुलगी, संत्र्यासारखं वर्तुळ, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. जाऊ दे नोकरी गेली तर, असं त्यांच्या मनानं घेतलं.

“दाढी कुठं गेली रे तुझी?”

“मॅडम,” कोपऱ्यातून साहेब म्हणाले.

“काढली,” दाढी म्हणाला.

“ते दिसतंय मला. का काढली?”

“नंतर सांगतो, आत्याबाई.”

“नंतर कधी? नंतर आपण सगळे कानाला हेडफोन लावून बसतो. आत्ता सांग.”

दाढीनं एकदा साहेबांकडं पाहिलं. मग टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत तो बोलू लागला.

“बाबांसाठी काढली. त्यांना हल्ली आठवत नाही काही. मी खोलीत गेलो की ओरडतात, हा कोण घरात शिरलाय म्हणून. आईला म्हणतात, पोलिसांना बोलव. रात्री तर फारच. शेवटी आई म्हणाली, दाढी काढून बघ. कॉलेजातला तुझा चेहरा असेल त्यांच्या डोक्यात, तो बघून ओळखतील कदाचित.”

यातलं कोणालाही काही माहीत नव्हतं. इतके दिवस सगळे त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे होते आणि तो रोज सांगत होता, अडलेलं नाही.

“मग?” आत्याबाईंनी विचारलं. “ओळखलं?”

“नाही.” त्याच्या ओठांचा कोपरा थरथरला. आता लपायला दाढी नव्हती. “पण ओरडले नाहीत. बसा म्हणाले. बराच वेळ माझ्याकडं बघत होते. मग म्हणाले, तुम्ही किती नीटनेटके दिसता हो. आमच्या चिरंजीवांना जरा समजावा. तोंडावर जंगल वाढवून ठेवलंय, माझं ऐकेल तर शपथ.”

वकिलाच्या तोंडून हसू निसटलं. त्यानं घाईनं तोंडावर हात घेतला. पण दाढी स्वतःच हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता, आणि मग सगळेच हसले. किती दिवसांनी त्या खोलीत कोणी हसत होतं.

साहेब पुढं आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “सॉरी. मला कल्पना नव्हती. मी हे बंद करतो, म्हणजे मोजलं जाणार नाही.” त्यांनी डबीकडं हात नेला.

आत्याबाईंनी डबीवर आपला हात ठेवला. “राहू द्या चालू.”

“मॅडम, मी तुमच्यासाठीच…”

“माहीत आहे मला. तुम्ही माणूस चांगले आहात. पण बंद करून बोलायला आम्ही इथं चोरी करत नाही. लिहू दे त्याला. अवांतर म्हणून लिहू दे आणि सगळं माझ्या नावावर लिहू दे. वरून कोणी विचारलं तर सांगा, बाईंनी कामाच्या वेळेत विचारलं आणि उद्याही विचारणार आहेत.”

आवाज ठणठणीत होता. साहेबांनी हात मागं घेतला.

आत्याबाई पुन्हा दाढीकडं वळल्या. “मग तू काय म्हणालास त्यांना?”

“म्हटलं, भेटला की सांगतो.”

या वेळी कोणी हसलं नाही. वकिलानं भिंतीकडची एक खुर्ची ओढून दाढीच्या मागं आणून ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग स्वतःसाठी ओढली. ते पाहून बाकीच्यांनीही खुर्च्या ओढल्या आणि सगळे टेबलाभोवती ऐसपैस बसले. आत्याबाई शेवटी बसल्या. कोपरं टेबलावर टेकून त्यांनी विचारलं, “आणि आईकडं कोण बघतं रे? त्या जेवतात का वेळेवर?”

दाढी सांगू लागला. लॅपटॉप हातावर धरलेले साहेब तेवढे उभे होते.