पहिले हजार किलोमीटर

एर्मेकला कुणाला नाही म्हणता येत नाही, ही त्याची जुनी खोड. रस्त्यात कुणी हात दाखवला की गाडी थांबवायची. भाडं दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर हसायचं. डिक्कीत बटाट्याची पोती, टपावर गालिचे, मागे चौघं कोंबलेले, आणि अशी ती पंचवीस वर्षांची जर्मन डिझेल गाडी डोलोनच्या घाटातून नारिन शहराला रेटायची. शेवटी ती निळा धूर ओकू लागली. सकाळी तेलाच्या चेंबरखाली ज्योत धरल्याशिवाय जागची हलेना.

कोच्कोरच्या तालाय उस्तादाने इंजिन उघडलं, तेव्हा एर्मेकची आई आनारकुल आपा समोर जाऊन उभी राहिली. उस्तादाने तिचं बोट धरून सिलिंडरच्या आतून फिरवलं. झिजून पडलेल्या खाचेत नख अडकलं.

"आपा, नुसत्या रिंगा बदलून भागेल असं वाटलं होतं. आता सिलिंडर कोरून रुंद, म्हणजे बोअर करावे लागतील, मोठ्या मापाचे पिस्टन टाकावे लागतील. क्रँकही झिजलाय."

"आधी का नाही सांगितलंस?"

"उघडल्याशिवाय पोटातलं कसं कळणार? पण ब्लॉक शाबूत आहे, गाडी चालेल. फक्त पहिले हजार किलोमीटर जपा. ओझं नको, घाट नको, पळवायची नाही. नव्या रिंगा बसायच्या असतात. आत्ताच ताणलीत तर पिस्टन तापून जाम होईल, आणि हा ब्लॉक आणखी एक बोअर सोसायचा नाही."

या दुरुस्तीसाठी आपाने आपली दुभती लाल घोडी विकायला काढलीच होती. क्रँकचं ऐकलं आणि शिंगरूही त्याच बाजारात गेलं. जिच्या हातचा कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला लोक दोन गावं ओलांडून येत, तिने त्या उन्हाळ्यात शेजारणीपुढे वाटी धरली. तोंड वाकडं केलं नाही, पण चव बेकार आहे हे मात्र सांगितलं.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच रविवारी आपाचे मोठे दीर दारात हजर. सासरच्या थोरांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, म्हणून आपा त्यांना 'उंच टोपीवाले' म्हणते. बरोबर तीन म्हातारे आणि एक जिवंत मेंढा. नारिनला लग्नाचं जेवण होतं.

दिरांनी नव्या कामाच्या शकुनाला बोनेटवर गोड गोळ्या आणि बोरसोक, तळलेल्या कणकेचे तुकडे, उधळले, तळवे उघडे धरून आशीर्वाद दिला. "एर्मेक, मुहूर्त आमच्याच हातून होऊ दे!"

एवढं झाल्यावर एर्मेक नाही कसा म्हणणार? त्याने डिक्की उघडून मेंढा आत चढवला. "हळूहळू नेतो, आपा. उस्ताद लोक घाबरवतातच."

आपाने पिठाचे हात पुसले. शिंगं धरून मेंढा डिक्कीतून बाहेर ओढला, गाडीची किल्ली काढून आपल्या बुटात टाकली आणि स्टिअरिंगपुढे जाऊन बसली.

"सूनबाई," दीर म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्यापुढे कधी आवाज चढवला नाहीस."

"आजही चढवत नाही, भाऊजी, बसूनच बोलतेय. चाळीस वर्षं तुमचं नाव घेतलं नाही, आज तुमचा मेंढा घेत नाही. हजार किलोमीटर होऊ द्या, मग टोपीसकट तुम्हाला नारिन दाखवून आणते."

एक म्हातारा फिसकन हसला. दीर हसले नाहीत.

"लाल घोडी यातच घातलीस ना?"

"घोडी आणि शिंगरू."

"शिंगरूही?" आयुष्य घोड्यांत गेलेला माणूस. त्यांनी बोनेटकडे पाहिलं, त्यावरचा एक बोरसोक उचलून तोंडात टाकला आणि मेंढ्याची दोरी धरली. "चला रे, शेजारच्या ट्रकवाल्याला विचारू."

माणसं गेली. एर्मेक लाल कानांनी उभा होता. "थोरामोठ्यांपुढे माझी शोभा केलीस, आपा."

आपा खाली उतरली, पाय आपटून बुटातली किल्ली नीट बसवली.

"ऐक. ड्रायव्हर तू उत्तम आहेस, मनानेही चांगला आहेस, पण गाडीचा मालक व्हायला अजून कच्चा आहेस. हजार भरेपर्यंत किल्ली इथेच राहील. रोज सकाळी येऊन माझा बूट ओढायचा, एकट्याने सपाटीवर फिरून यायचं, आणि संध्याकाळी बूट पुन्हा भरायचा."