प्रेमिला कोणत्या दिवशी गेली

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने नाव लिहिलं, प्रेमिला. माहेरी ती जिजा होती. ते नाव त्या दिवशी सुटलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

मी गांधीबागेत कापडाच्या दुकानात काम करतो. आम्हाला मूल नव्हतं. शहात्तरच्या उन्हाळ्यात तिला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, ती उठून बसली, आणि मला पाहून तिने पदर सारखा केला. परक्या माणसासमोर करतात तसा. लग्नापासूनचं सगळं तिच्या डोक्यातून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू आठवेल. आठवलं नाही.

प्रेमिला म्हणून हाक मारली की ती दाराकडे बघायची, कोणी बाई आली का म्हणून. लग्नाचा फोटो दाखवला तर म्हणाली, पोरगी चांगली आहे. माझ्या हातचं ती खात नव्हती. मी आणखीच प्रेमिला, प्रेमिला करायचो.

शेजारच्या रुखमाबाई एक दिवस चिडल्या. "काहून जीव खाता तिचा, भाऊजी? थे जिजा हाय म्हन्ते, तं जिजा म्हना न. नाव तं तुमीच बदललं होतं."

दोन दिवस माझ्या तोंडून ते नाव निघेना. मग ताट वाढलं आणि म्हणालो, "जिजा, जेवून घे." ती लगेच आली. पोटभर जेवली.

तेव्हापासून घर शांत झालं. ती मला भाऊ म्हणायची. प्रेमिला चहात आलं टाकायची, हिला आल्याचा वास चालत नव्हता. मनगटावरचा भाजल्याचा डाग मात्र तोच होता. आमच्याच चुलीवर भाजलेला. हा कशाचा, असं ती मलाच विचारायची.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "भाऊ, तुमची बायको कुठी गेली?"

म्हणालो, "गावाले गेली."

"लय दिवस झाले न."

"हो."

"येईन न थे. तुमच्यासारख्या मानसाले सोडून कोन राहीन?" मग हसून म्हणाली, "तुमी भांडले असान."

मी उठून मोरीत गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो.

थंडीत तिला न्यूमोनिया झाला. शेवटी तिने आईला हाक मारली. मला नाही.

दहावा रामटेकला अंबाळ्याच्या तलावावर केला. गुरुजींनी नाव विचारलं. माझ्या हातात तीळ-पाणी होतं. तिचा भाऊ चंपतराव मागून म्हणाला, "जिजा सांगा, भाऊजी." मी जिजा म्हटलं आणि पाणी सोडलं.

गुरुजींनी वर्षश्राद्धाची तिथी सांगितली. मी त्यांना विचारलं, माणूस आधीच गेला आणि शरीर घरातच राहिलं, तर तिथी कोणती धरायची? चंपतरावने माझा दंड धरून मला पायरीवर बसवलं.

जिजाची तिथी माझ्याजवळ आहे. प्रेमिला त्या तापात कधीतरी गेली. मी तिच्या उशाशीच होतो, कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत. मला कळलं नाही.