कोऱ्या पट्ट्या

एकवीस वर्षं मी रबर ताणण्याचा पगार घेतेय. यंत्र अभियांत्रिकीची प्राध्यापिका असले तरी घरचे माझी ओळख अशीच करून देतात. एकदा ताणलेलं रबर कायमचं थोडं नरम पडतं. पण कोरं रबर पहिल्यांदा ताणताना किती जोर लागेल, ते सांगणारं माझं एक सूत्र आहे. माझं पद, माझा मान, सगळं त्याच्यावर उभं.

त्या सूत्राला माझ्याच विद्यार्थिनीने सुरुंग लावला. प्रयोगासाठी तिने कापलेल्या रबराच्या कोऱ्या पट्ट्या दर वेळी सूत्रापेक्षा नरम निघत. यंत्र तपासलं, रबर बदललं, तरी तेच. तीन आठवडे मला घास गोड लागला नाही. शेवटी सूत्राचा मूळ शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी तिला वाचायला दिलं.

वाचता वाचता ती पांढरीफटक पडली.

“मॅडम, हे पाठवू नका. एक सांगू? रागावणार नाही ना?”

“ते ऐकल्यावर ठरवते.”

“तुम्ही रोज सकाळी माझ्या टेबलाशी येता ना, तेव्हा बोलता बोलता एकेक पट्टी उचलता, ताणता आणि परत ठेवता. सगळ्याच्या सगळ्या.”

मी खाली पाहिलं. माझ्या बोटांत एक पट्टी ताणलेली होती. समोरच्या भिंतीवर माझ्याच सहीची सूचना: कोऱ्या पट्टीला हात लावू नये.

तिने नव्या पट्ट्या कापल्या, चिमट्याने उचलून यंत्रात लावल्या. मी कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले, शिक्षा झाल्यासारखी. पहिली पट्टी सूत्राबरहुकूम. दुसरी तशीच. तिसरीनंतर मला रडूच कोसळलं. जीव भांड्यात पडला होता.

“हे तुला कधी कळलं?”

“दुसऱ्या आठवड्यात.”

“आणि गप्प बसलीस?”

“तुमच्यापुढे तोंड कोण उघडणार? सूत्र चुकलंय असं प्रबंधात लिहायला मी तयार होते, पण हे सांगायला नाही.”

हे मात्र वर्मी लागलं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, “यापुढे जे दिसेल ते तोंडावर सांगायचं.”

ती जरा घुटमळली. मग टेबलावरचं माझं नवं टिपण पुढे ओढून तिसऱ्या ओळीवर तिने बोट ठेवलं. “मग इथे वजाचं चिन्ह राहिलंय.”

मी पाहिलं. खरंच राहिलं होतं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.