माउलीच्या मुकुटातला बारावा तारा

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. कथा लहान आहे, पण माझ्या जिवाची आहे.

मी एक जुना तारामासा आहे. आद्रियातिक समुद्राच्या उथळ वाळूत मी वाढलो. खडकाला चिकटण्याचे कसब माझ्या पायांत नाही. ते टोकदार. त्यांनी वाळू बाजूला सारायची आणि हळूहळू आत बुडायचे, एवढेच देवाने मला शिकवले. शिंपल्यांतल्या तिसऱ्या मी अख्ख्या गिळतो आणि टरफले तोंडावाटेच बाहेर टाकतो. एकदा खेकड्याने माझा एक हात तोडला. तो पुन्हा फुटला, पण आखूडच राहिला.

त्या आखूड हातावरून ओर्तेन्सिया मला ओळखी. ओहोटीला ती दाताळ्याने तिसऱ्या काढायला येई. मी वर आलो, की मला अलगद वाळूवर ठेवून म्हणे, "जा घरी, माउलीच्या बाळा." समुद्राच्या माउलीच्या मुकुटातून गळलेले तारे म्हणजे आम्ही, अशी त्या गावाची श्रद्धा. म्हणून आम्हाला कोणी दुखवत नसे. तिच्या दाताळ्याची खरखर ऐकली तरी मी खोल जाईनासा झालो.

यंदा जत्रेच्या तोंडावर चर्चमधल्या माउलीच्या मूर्तीच्या मुकुटाचे बाराही पत्र्याचे तारे गंजून गळाले; त्यांच्या जागी खरे तारे लावायचे ठरले. ओर्तेन्सियाने मला उचलले, ते टोपलीतच टाकले. घरी तिची सून निवेस म्हणाली, "आई, हा तर तुमचा लाडका. ह्याला तरी सोडा."

"माउलीच्या डोक्यावर अकराच तारे? लोक तोंडात शेण घालतील. उलट ह्याच्या जन्माचं सोनं होईल."

"सोनं की वाळवण, ते त्याला विचारलंत का?"

"तू आधी चुलीवरचा पोलेंटा ढवळ. खाली लागतोय."

ओर्तेन्सियाने माझा आखूड हात अंगठ्याने कुरवाळला. मला वाटले, आता सोडणार. तिने मला तापल्या कौलावर उताणे ठेवले.

मित्रांनो, वैऱ्याने मारले असते तर मी वाळूत दडलो असतो. मायेपासून कुठे दडायचे?

जत्रेला माउलीची होडी पाण्यात निघाली. मी मुकुटात होतो. पाद्रीबाबांनी शिंपडलेला एक थेंब माझ्यावर पडला, पण पाय हलले नाहीत. खाली ओर्तेन्सिया डोळे मिटून गात होती. आवाज गोड होता तिचा.

भक्ती जरूर करा, मित्रांनो. पण देवाचे लेकरू मारून देवाला वाहू नका. आणि माझी आठवण नाही ठेवलीत तरी चालेल. माझ्या शेजारी वाळूत आमच्यातलीच एक लहानगी असे. दाताळ्याची खरखर आली, की तीही वरच थांबते. तिची आठवण ठेवा.