चार बोटं

उंचीमुळे जिला सगळे शिडी म्हणत, ती पोरगी दहावीत होती आणि तिच्या नावावर इतके विक्रम होते की शाळेने त्यांच्यासाठी हॉलच्या भिंतीवर वेगळा फळा लावला होता. फळा तिच्या बापाने करून दिला, कारण बाप सुतार होता आणि पालकांचा सहभाग म्हणजे पालकांचं लाकूड, असा मुख्याध्यापकांचा समज होता. बास्केटबॉलच्या एका सामन्यात सर्वाधिक गुण, एका मोसमात सर्वाधिक गुण, जिल्ह्यातली सर्वोत्तम खेळाडू, लागोपाठ दोनदा. खाली बरीच जागा कोरी होती. माणसाने आशावादी असावं.

हॉलची लाकडी जमीनही बापानेच घातलेली. शिडी आठवीत चमकू लागली तेव्हा तिच्या खेळाच्या सरांनी हट्ट धरला, की असल्या पोरीला फरशीवर पळवणं पाप आहे. मग फरशीवर आडवे वासे, त्यावर फळ्या, त्यावर पॉलिश. अशी जमीन जिल्ह्यात दुसरी नव्हती, म्हणून जिल्ह्याचे सगळे सामने तिथेच होऊ लागले. जिल्हा संघटनेचे लोक रिंगच्या उंचीची मापं घ्यायला आले, पण त्या पॉलिशवर पाय ठेवायचा त्यांना धीर होईना. जुन्याच मापांच्या कागदावर सही करून ते चहा पिऊन गेले.

पाहुण्या मुलींचे चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आदळत. सर म्हणत, "दडपण. आपल्या हॉलचं दडपणच तसं आहे." शिडीचा चेंडू मात्र माहेरी आल्यासारखा जाळीत उतरे.

राहता राहिली राज्याच्या क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी. तिथे घेतलं तर पुढचं शिक्षण आणि खेळ दोन्ही मार्गी. नाही घेतलं तर आत्याचं शिवणकामाचं दुकान आणि शर्टांची काजं. वयाच्या अटीत ही चाचणी एकदाच बसत होती. पोरीला स्वर्ग दोन बोटं उरलाय, असं शेजारीपाजारी म्हणत.

चाचणी परक्या शहरात, परक्या हॉलमध्ये होती. शिडीचा पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला. दुसराही. पुढचा तर रिंगला न शिवताच खाली आला. उसना आणल्यासारखा तिने आपला हात निरखून पाहिला.

"दडपण," बापाशेजारी बसलेले सर पुटपुटले.

पोरीकडे बघवेना म्हणून बाप रिंगच्या खांबांकडे बघू लागला. खांबाच्या बुडाची लोखंडी पट्टी लाकडी जमिनीच्या वर होती, बोल्ट दिसत होते. आपल्या हॉलमध्ये ते दिसत नाहीत. खांब न हलवता त्याने फळ्या भोवतीने अशा कापल्या होत्या की सांध्यात नख शिरू नये. मुख्याध्यापक तो सांधा पाहुण्यांना मुद्दाम दाखवत. वाशाची जाडी अधिक फळीची. बापाने गुडघ्यावर बोटं आडवी धरली. दोन नव्हती, चार होती.

निवडलेल्यांत शिडी नव्हती. परतीच्या बसमध्ये ती पुढे खिडकीला डोकं टेकून बसली. बाप सरांशेजारी मागे बसला.

"सर, आपली रिंग खाली आहे."

"रिंग कशी खाली येईल?"

"रिंग नाही आली. जमीन वर गेली. मीच नेली."

सरांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी आधी मागे कोण बसलंय ते पाहिलं. "कुणाला बोललात?"

"नाही. खांब उचलून घेऊ ना. एका दिवसाचं काम आहे."

"आणि का उचलले विचारलं तर? तिचा सगळा फळा पुसावा लागेल हो. दोन वर्षांचा जिल्हा पुसावा लागेल."

"पण तिला पुन्हा बोलावलं तर..."

"तिला कोण बोलावतंय आता," सर म्हणाले, आणि तो माणूस वाईट नसल्यामुळे त्यांनी बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाप हॉलवर गेला. पोरीला सांगायचं ठरवूनच गेला होता. फळ्यावर नवी ओळ ओली होती: राज्य निवड चाचणीत सहभाग. सर तत्पर होते.

शिडी एकटीच होती. तिने चेंडू टाकला, तो जाळीत उतरला. पुन्हा टाकला, पुन्हा उतरला.

"बघा ना बाबा. इथे पडतोय. तिथेच काय झालं मला?"

बापाने खांबाच्या बुडाकडे पाहिलं. सांधा खरंच नामी जमला होता. मग फळ्याकडे पाहिलं. एवढंच काय ते पोरीजवळ उरलं होतं.

"दडपण," तो म्हणाला.

तिने मान हलवली. "वाटलंच मला. माझंच चुकलं." आणि आत्याकडे जायच्या आधी निदान सराव तरी मोडू नये म्हणून ती पुन्हा रिंगखाली गेली.