दुपारच्या बाटल्या

१९९४ साली तारा जालन्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत सहायक होती. भाजीपाल्यात, कडब्यात फवारणीचं औषध किती उरलंय ते तिथं तपासायचे. नमुना बारीक चिरून बाटलीत घालायचा, वर अ‍ॅसिटोन ओतायचं आणि अर्धा तास हातानं हलवायचं, म्हणजे औषध त्यात उतरतं. दिवसाला दहा बाटल्या. बारा वर्षांत ताराचा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला.

हलवायचं यंत्र मागितलं की केशवराव साहेब दरवर्षी म्हणायचे, "वर कळवलंय." शेवटी ती मोटारी दुरुस्त करणाऱ्या भुजंगकडे गेली. त्यानं आठ बाटल्या मावतील अशी लोखंडी चौकट केली. अ‍ॅसिटोन पेट घेतं, म्हणून मोटार भिंतीबाहेर बसवून पट्टा भोकातून आत घेतला.

"आता नुस्तं बसून बघा, ताई," तो म्हणाला.

साहेबांना ते पटलं नाही. "नियमात हातानं हलवायचं आहे."

"नियमात अर्धा तास हलवायचं आहे. कुणी, ते लिहिलेलं नाही."

"मग सिद्ध करा."

तारानं फवारलेल्या कडब्याचे सारखे भाग केले. काही हातानं हलवले, काही यंत्रावर. सकाळचे आकडे जुळले. दुपारी मात्र हाताचा आकडा निम्म्यावर आला. तीन दिवस तेच. दुपारपर्यंत तिचा हात थकायचा, औषध पुरतं उतरायचं नाही, आणि ती 'निर्दोष' लिहून सही करत आली होती.

"यंत्र ठेवा," साहेब हळूच म्हणाले. "जुनं उकरू नका. सह्या तुमच्या आहेत."

"म्हणूनच उकरते."

फ्रीजरमध्ये दुपारचे चौदा नमुने शिल्लक होते. तिनं परवानगी न घेता सगळे पुन्हा तपासले. तीन दोषी निघाले. त्यातला एक वाटूरच्या पुंजारामचा. बैल मेला म्हणून त्यानं कडबा तपासायला आणला होता.

ती एसटीनं वाटूरला गेली. "मागचा अहवाल चुकला. चूक माझी. कडब्यात विष आहे."

पुंजारामनं रिकाम्या गोठ्याकडे बोट केलं. "तुमचा कागद आल्यावर मी दुसऱ्या बैलाला घातला. त्यो बी गेला." मग म्हणाला, "हे लिहून देता का? का तोंडीच?"

लेखी द्यायला साहेबांची मनाई होती. तारानं त्याच्या ओट्यावर बसून सगळं लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं.

आठवड्यानं साहेबांची नोटीस आली: मनाई असताना लेखी का दिलं? तिनं एका ओळीत उत्तर दिलं: उरलेल्या दोघांनाही मी लेखी कळवलं आहे.